पाइपाला लावलेला कान

परवा नात मोबाइल घेऊन शेजारी बसली. म्हणे, "आजी, समुद्राचा तळ कसा मोजतात बघ. जहाजावरून खाली आवाज सोडायचा. तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो, त्यावरून खोली कळते." मी म्हटलं, बाई गं, असलं तर आम्हीही करायचो.

शिरपूरकडे आमचं शेत. माझ्या वडिलांना, आबांना, ऐकू कमी यायचं, म्हणून बोअरचं पाणी मीच ऐकायची. ते खडा टाकत आणि मी तापलेल्या लोखंडी पाइपाला कान लावून मनात आकडे मोजायची. दरवर्षी सहाला डुबुक व्हायचं. त्या वर्षी सहा झाले, सात झाले, नवाला कुठे बारीकसं डुबुक आलं. पाणी फार खाली गेलं होतं. आणि बांधावर केळीचे कंद ओल्या पोत्याखाली लावायला तयार.

"पाणी शे का वं, पोरी?"

त्यांचं तोंड बघून मी म्हटलं, "शे ना आबा, सहालाच वाजलं."

"लावूत मंग! तुना कान सोनाना शे!"

चैतात बोअर आटला, बाग उभी वाळली. सहा म्हणताना वाटलं होतं, मी त्यांचं मन राखलं. आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण पुढे उन्हाळाभर ते एकटेच खडे टाकायचे, आपलाच बहिरा कान पाइपाला लावून. मला हाक मारली नाही, कधीच.