रोवणीतला अंगठा

गोंदियाच्या केंद्रावर कृषी अधिकारीपदाच्या परीक्षेला रांगेत ती माझ्या पुढे होती. हजेरीचं यंत्र तिचा अंगठा घेईना. ओढणीला पुसून, फुंकर मारून ती तो पुन्हा पुन्हा टेकवत होती.

“पंधरा दिवस चिखलात धानाची रोवणी करून राहिली होती जी, रेषा घासल्या,” ती म्हणाली.

“साइड में हो जाओ,” यंत्रवाला म्हणाला.

“परीक्षा डोक्याची आहे का अंगठ्याची?”

त्याने मला पुढे यायची खूण केली. माझा मऊ अंगठा यंत्राने लगेच घेतला.

घंटा झाली, माझ्या पुढचा तिचा बाक रिकामाच. पेपर उघडला आणि मी हादरलो. तिसराच प्रश्न: धानाची रोपं किती दिवसांची झाली की रोवावीत?

जन्मात चिखलात न उतरलेल्या मी पाठ केलेलं उत्तर आठवून गोल काळा केला. ते बरोबर निघालं.