हूटर गप्प, दिवा चालू

माझा राग नाकाच्या शेंड्यावर आणि रडू पापणीवर. बाबा मात्र बर्फाची लादी. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ते कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होते. चौऱ्याण्णव साली आई गेली तेव्हा मी टाहो फोडला आणि बाबांनी पाहुण्यांच्या चहाचं बघितलं. तेरावं उरकलं, दुसऱ्या दिवशी स्वतःच डबा भरून पहिल्या पाळीला निघाले. मी दारातच ओरडले, "दगड आहात तुम्ही, दगड!" त्यांनी चपला घातल्या नि गेले. ते वाक्य मी पुढं नऊ वर्षं मागे घेतलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात बराचसा सुधारला, पण आता भाजीवाल्या मावशींनी कोथिंबीर वर टाकली तरी त्यांना रडू कोसळायचं. भारत हरला की रडायचे, जिंकला की जास्तच! मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला.

गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी मेंदूच्या स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. "भावना पूर्वीचीच आहे. ती आवरणाऱ्या भागाशी जोडणारे मेंदूतले धागे दुखावलेत. तशी ही जोडणी प्रत्येकाची थोडी वेगळीच असते."

माझी जन्मतःच सैल असणार!

पंचवटीकडे घरी परतताना रिक्षात बाबा अडखळत, पण खुशीत सांगू लागले. "आमच्याकडं बिघाड झाला की हूटर बोंबलतो, पॅनलवर दिवा लागतो. बटण दाबलं की हूटर गप्प. नव्या पोरांना वाटतं, मिटलं. पण दिवा चालूच राहतो, बिघाड निघेपर्यंत. माझं आता बटणच गेलं बघ."

काय माणूस! स्वतःच्या मेंदूतला बिघाड असा सांगत होता, जणू ड्यूटीवरच आहे. कुरकुर म्हणून नाही.

मी कसंबसं विचारलं, "आई गेली तेव्हा?"

"दाबलं होतं बटण. तू तेवढी रडत होतीस, पाहुण्यांचं कोण बघणार?"

"आणि दिवा?"

"चालू आहे की अजून. तू दगड म्हणालीस ना, त्याचाही एक आहे."

माझा बांधच फुटला. भर रस्त्यात, रिक्षात वाकून मी त्यांचे पाय धरले. "चुकले हो बाबा, चुकले मी."

त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला. तेही रडत होते.

"तो विझला बघ," ते म्हणाले. "तुझ्या आईचा राहू दे."