पेरलेलं पाणी

आमच्या अल्पुहाराच्या डोंगरात पाणी पेरतात. बर्फ वितळू लागलं की पाटकरी वर जातो, पाटाच्या काठाला भोकं पाडतो आणि पाणी डोंगराला पाजतो. ते पोटातल्या पोटात चालत राहतं आणि भर उन्हाळ्यात खाली गावाच्या झऱ्याला फुटतं.

लिबोरियोकाका आमचे पाटकरी. जन्म वरच्या मेंढवाड्यातला, पाटाच्याच कडेला. बोलणं कमी, आणि बोलले तरी निम्मं बायकोशी. विसीकाकूला जाऊन बरीच वर्षं झाली. पण काकांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते झऱ्याखाली, धुण्याच्या दगडी डोणीपाशी. म्हणून दरसाल धार आली की काका हळूच म्हणत, "आली."

माझ्या घरी सुट्टीत पायी हिंडणारे पाहुणे उतरतात. गावातली म्हातारी माणसं त्यांना हसतात, "गाढवं मोकळी उभी आणि ही माणसं पायी!" काका मात्र म्हणत, "हसू नका रे. पाणीही डोंगरात असंच हिंडतं. सावकाश, कोणी न बोलावता."

एका वर्षी काकांची कंबर धरली. कसेबसे एकदा वर जाऊन भोकं उघडून आले, पुन्हा पाहायला जाणं झालं नाही. जूनअखेरचा सान हुआनचा सण आला, तरी डोण कोरडी. कडेचं शेवाळसुद्धा वाळलं.

"काका, आता नळी टाकू वरून," पंचायतीचा आउरेलियो म्हणाला. "तुम्ही बसा की सावलीत."

"ऑगस्टातल्या मारियामातेच्या सणापर्यंत थांब," काका म्हणाले. "तोवर धार आली नाही, तर पाटकऱ्याची कुदळ तुझी."

काका माझ्याकडे सूप प्यायला आले तेव्हा आपल्या तळव्यांकडे बघत होते. "रेमे, हातच गेला गं माझा."

त्याच संध्याकाळी हेंक आणि तिनेके परत आले. दोघं नवराबायको, वसंतात आमच्याकडून निघून पलीकडची खोरी पायी हिंडून आलेले. टेबलाशी बसता बसता तिनेके म्हणाली, "रेमे, पाट आता छान ना? आम्ही वर पाहिलं, भोक, भोक, भोक! पाणी सगळं जमिनीत! हेंकने दगड लावला, गवत लावलं. सगळं बंद!"

हेंकने खुशीत आपले मोठे पंजे दाखवले.

माझ्या हातातली पळी तशीच राहिली. काकांकडे बघवेना. त्यांनी पाव सूपमध्ये बुडवला.

"कुठले गं हे?"

"हॉलंडचे, काका."

"असं होय." त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत, पण ते हसत होते. "बिचारे! जन्मभर समुद्राचं पाणी अडवत आलेत. भोक दिसल्यावर दुसरं काय करणार?"

मी समजावून सांगितलं, तशी तिनेकेच रडायला लागली. "रडू नकोस, पोरी," काका म्हणाले. "बुजवलंत तुम्ही, उघडायचंही तुम्हीच. उद्या चला."

सकाळी काकांना खेचरावर बसवलं. वर ढग उतरले होते. पुढचं माणूस दिसत नव्हतं, नुसती खेचराची घंटा ऐकू येत होती. वाटत होतं आपण चालत नाही, डोंगरच आपल्याखालून सरकतोय. हेंकने पहिला दगड काढला. पाणी क्षणभर थबकलं, वळलं आणि जमिनीत शिरलं. काही आवाज नाही. लेकरू झोपेत शिरतं ना, तसं. काकांनी छातीवर क्रूस काढला, मीही काढला.

"बर्फ थोडंच उरलंय," मी म्हटलं. "पोहोचेल का?"

"निघालंय तर खरं. वाटेत कुठे टेकलं तर टेकलं."

पाहुणे गेले. उन्हं तापली. डोण कोरडीच. सणाच्या आदल्या संध्याकाळी काकांनी कुदळ धुऊन पुसून माझ्या दाराशी ठेवली. "आउरेलियोला तूच दे. माझ्याच्याने नाही व्हायचं." आणि मागे न बघता गेले. मी मातेपुढे मेणबत्ती लावली. काय मागावं सुचेना.

सकाळी फुलं आणायला दार उघडलं, तर कुदळ जागेवर नाही. मी तशीच उतारावरून डोणीकडे गेले. काका वाकून कुदळीच्या टोकाने दगडावरचं वाळलं शेवाळ खरवडत होते. दुसरा हात झऱ्याच्या तोंडाखाली धरला होता, आणि त्या हातावर बोटाएवढी धार पडत होती.

"रेमे," ते मान वर न करता म्हणाले, "काल मी कुदळ कोणाला दिली होती का गं?"

"नाही, काका."

"ऐकलंस ना विसी?" ते धारेला म्हणाले. "नाही म्हणतेय ती."