दोघांचा परवाना, एकटा माणूस: उजनीच्या काठी गळ टाकताना

उजनीला जावं की जाऊ नये, या घोळात मी सगळी दिवाळी आणि नंतरचे दोन-अडीच महिने घालवले. शेवटी जानेवारीतल्या एका शनिवारी माळ्यावरून गळाच्या दोन्ही काठ्या खाली काढल्या, फडक्यानं पुसल्या आणि ठरवून टाकलं, उद्या जायचं. काठ्या दोन आणि माणूस एक, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. त्या भानगडीचा खुलासा आधीच करतो, म्हणजे पुढचं वाचताना अडखळायला होणार नाही.

धरणाच्या फुगवट्यावर हौसेनं मासे धरायचे तर स्थानिक मच्छीमार सोसायटीचा परवाना लागतो. मी ज्या काठावर जातो तिथली सोसायटी हा परवाना एकट्याला देत नाही. तो जोडीलाच मिळतो, आणि पाण्यावर बसायचंही जोडीनंच. पूर्वी म्हणे एकटा बसलेला कुणी गाळात कमरेपर्यंत रुतला आणि दिवसभर ओरडत राहिला, तेव्हापासून हा नियम आहे. माझ्या परवान्यावर पहिल्या ओळीत माझं नाव आणि दुसऱ्या ओळीत यादगिरीचं. या महिनाअखेर त्याची मुदत संपते, आणि नवा करायला दोघांनी समोर उभं राहावं लागतं.

यादगिरी हा माझा मित्र. टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर त्याचं आयुष्य गेलं. सहा दिवस मागाचा खडखडाट ऐकून सातव्या दिवशी त्याला शांतता हवी असे, आणि सहा दिवस चौथीच्या वर्गाचा कलकलाट ऐकून मलाही. वीस वर्षं आम्ही रविवारी पाण्याकाठी शेजारी शेजारी बसलो. दिवसाला दहा वाक्यं झाली तर खूप. गेल्या वर्षी कारखाना बंद पडला, गुडघे कुरकुरू लागले, आणि तो मुलीकडे वरंगलला गेला. दर सोमवारी सकाळी फोन करतो. "काय मास्तर?" "काही नाही." "बरं." ज्यांची मैत्रीच गप्प बसण्यावर उभी आहे, त्यांनी फोनवर काय करायचं? फोन ठेवला की घर आणखी मोठं वाटतं. बायको जाऊन सात वर्षं झाली, मुलगा पुण्यात असतो, घरात मी एकटाच.

तर माझा बेत सरळ होता. खोटं बोलायचं. यादगिरी मागच्या गाडीनं येतोय असं सांगायचं, त्याची काठी शेजारी लावून ठेवायची, आणि जमलंच तर त्याच्या गुडघ्याचं कारण पुढे करून परवानाही वाढवून घ्यायचा. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या माणसाचा हा बेत.

सोलापूरहून केमला पुण्याकडे जाणारी सकाळची गाडी सोयीची. तिकीट अगदी किरकोळ, गर्दी कुर्डुवाडीला उतरते, पुढे पाय पसरून बसता येतं. थंडीत मोहोळपर्यंत धुकं असतं, तेव्हा मफलर घ्या. केम कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. स्टेशनातून गावाकडे निघालं की एखाद्या ओट्यावर, एखाद्या पोत्यावर ती लाल भुकटी दिसतेच. चहा स्टेशनबाहेरच प्या, पुढे बरा मिळत नाही. तिथून कंदरच्या बाजूला वडापची जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही आणि भरणं म्हणजे काय याची चालकाची कल्पना आपल्यापेक्षा फार उदार असते. शिवाय हा गाळपाचा हंगाम. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ता अडवून चाललेले, त्यामुळे अर्ध्या तासाच्या वाटेला सहज तास लागतो.

जीपमध्ये माझ्या शेजारी डाळिंबाची रोपं घेऊन निघालेले सांगोल्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्या काठ्या पाहिल्या आणि सुरूच झाले.

"मासं धरायला व्हय? काय लावता गळाला? कणीक का गांडूळ? आमच्याकडं पानीच न्हाय, मासं कुटनं आनायचं! दोन काठ्या कशाला वो?"

"एक मित्राची आहे," मी म्हणालो.

"मग मित्र कुटंय?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. बोलघेवड्या माणसांचं आणि माझं जमत नाही. पाण्याकाठी तर मला बोलणारा माणूस अजिबात चालत नाही. यादगिरी गेल्यावर आमच्या बुद्धविहारातल्या दोघांनी 'गुरुजी, आम्ही येतो की' म्हणून पाहिलं होतं. यातला एक तर मला नेहमी चिडवतो, "पंचशील घेता आन् मासं मारता व्हय गुर्जी?" अशा माणसाला दिवसभर शेजारी कोण बसवून घेणार? मी दोघांनाही वाटेला लावलं.

काठावर सोसायटीची पत्र्याची शेड आहे. तिथं हौसाबाई बसतात. पासष्टीच्या आहेत, नवरा याच पाण्यात जाळं टाकायचा, तो गेल्यावर सोसायटीनं नोंदीचं काम यांच्याकडे दिलं. पद्धत अशी की सकाळी परवाना त्यांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचा आणि संध्याकाळी मासे दाखवून परत घ्यायचा. अंधार पडेपर्यंत डब्यात एखादा परवाना उरला तर माणसं बॅटऱ्या घेऊन काठ धुंडाळायला निघतात. मला ही पद्धत फार आवडते. संध्याकाळी आपली वाट कुणीतरी बघतंय, एवढं तरी त्यात असतं.

"गुर्जी! लई दिसांनी." त्यांनी परवाना हातात घेतला. "आन् जोडीदार कुटं हाय?"

"मागनं येतोय. पुढच्या गाडीनं."

हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग दोन्ही काठ्यांकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि परवाना डब्यात टाकला. इतकं सोपं जाईल असं मला वाटलं नव्हतं.

नियम नव्या मंडळींसाठी सांगतो. माणशी एकच गळ. जाळं आणायचं नाही. कटला, रोहू, मृगळ हे मासे माणशी दोनच न्यायचे, आणि तेही मापात बसले तर. मापासाठी शेडच्या दारात एक फळी ठोकली आहे. तिच्यावर तांबडी रेघ आहे, मासा रेघेच्या अलीकडे राहिला की पाण्यात परत. पोटात अंडी असलेली मादी कितीही मोठी असो, सोडायचीच. पावसाळ्यात मासे अंडी घालतात तेव्हा गळ टाकणं पूर्ण बंद. चिलापीला मात्र मोजमाप नाही. ती बाहेरून आलेली, दुसऱ्या माशांची अंडी खाते, म्हणून हवी तेवढी न्या. हे सगळं या काठाचं झालं. दुसऱ्या तलावावर दुसरी सोसायटी, दुसरे नियम. जाण्याआधी विचारून घ्या, उगाच परवान्याविना बसून फजिती करून घेऊ नका.

आमची जागा शेडपासून थोडी लांब, एका बाभळीखाली. मी माझी काठी लावली, हातभर अंतर सोडून यादगिरीची लावली. कणकेच्या गोळीत तो थोडी हळद घालायचा, मीही घातली. पाणी अगदी स्थिर होतं. पलीकडे उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा उभा होता, लांबून फिकट गुलाबी रेघ दिसत होती. दरवर्षी तो दिसला की यादगिरी बोट करायचा आणि मी मान हलवायचो. त्या दिवशी मीच बोट केलं, मग शेजारी कुणी नाही हे लक्षात येऊन हात खाली घेतला. वेड्यासारखं वाटलं.

थोड्या वेळानं हौसाबाई आल्या आणि पंधरा-वीस पावलांवर, दगडावर फाटकं जाळं मांडीवर घेऊन शिवत बसल्या. मला राग आला. पाळत ठेवायला आली बाई, असं मनात म्हणालो. दर तासा-दोन तासांनी मी घड्याळ बघून मोठ्यानं म्हणायचो, "गाडी लेट दिसतेय." त्या मान वर न करता म्हणायच्या, "आसंल की."

दुपारी डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. पाहतो तर सहा भाकऱ्या. सवयीनं दोघांच्या बांधल्या होत्या. यादगिरी चिंचेचा भात आणायचा, मी भाकरी, आणि आम्ही निम्मं निम्मं करायचो. तीन भाकऱ्या खाल्ल्या, उरलेल्या तीन तशाच राहिल्या. खरं सांगतो, तिथं मला रडू आलं. साठी उलटलेला माणूस, चटणीचा हात, डोळे पुसायलाही येईना. हौसाबाई तेवढ्यात नेमक्या पाठ करून दोरा ओवत होत्या.

चारच्या सुमाराला मोरपिसाची काडी बुडाली. गळाच्या दोऱ्याला, म्हणजे तंगुसाला, ती बांधतात, ती बुडाली की मासा लागला. बुडाली ती माझी नव्हे, यादगिरीची. काठी पार वाकली. मी धावत जाऊन धरली. दहा मिनिटं ओढाताण झाली, पाय गाळात घोट्यापर्यंत गेले, आणि शेवटी मासा काठाला आला. कटला होता. मोठं डोकं, चांदीसारखे खवले. वीस वर्षांत आम्हाला इतका मोठा लागला नव्हता. मी मोठ्यानं ओरडलो, "यादगिरी!"

हौसाबाई जाळं टाकून उठल्या होत्या. माझ्या हाताला धरून त्यांनी मला गाळातून वर घेतलं. ओल्या पोत्यात मासा गुंडाळून आम्ही शेडपर्यंत आणला, फळीवर लावला. तांबड्या रेघेच्या वीतभर पुढे.

"कुनाच्या नावावर धरू?" हौसाबाईंनी विचारलं.

"यादगिरीच्या. त्याचा गळ होता."

त्यांनी डब्याचं झाकण उघडून परवान्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "गुर्जी, त्यांचं नाव आता न्हाय. दिवाळीच्या आदी त्यांचा फोन आल्ता. नाव काडा म्हनले, मला आता यायला जमायचं न्हाय. आन् म्हनले, मास्तरला सांगू नका. तो आला तर त्याला बसू द्या."

म्हणजे दर सोमवारी 'काय मास्तर' म्हणणाऱ्या माणसाला हे ठाऊक होतं.

"मग सकाळी बोलला का नाहीत?" मी चिडूनच विचारलं. "मी खोटं बोलतोय हे माहीत असून बसू दिलंत?"

"इतक्या लांबनं आल्ता तुमी. माघारी कसं लावू? पन रूल म्हंजी रूल, एकट्याला पान्यावर सोडायचं न्हाय. म्हनून मीच बसले की जोडीला."

दिवसभर जिला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या, ती बाई माझी जोडीदार होती.

माशाचे कल्ले अजून उघडझाप करत होते. एका माणसाला दोन गळ चालत नाहीत, म्हणजे दुसऱ्या गळाचा मासा कुणाचाच नाही. हौसाबाईंना ते सांगावं लागलं नाही. मी कटला उचलला, पाण्यात नेला, दोन्ही हातांत धरून थोडा वेळ पुढे-मागे केला. त्यानं शेपूट मारलं आणि गेला. माझी बंडी भिजली.

परत आलो तर परवाना डब्यातच होता. हौसाबाईंनी झाकण लावलं. "हा हितंच ऱ्हाऊ द्या. महिनाअकेरपातूर जोडी घिऊन या, नवा करू. मला रोज बसाया जमायचं न्हाय, गुर्जी. माजी कामं हायती." उरलेल्या तीन भाकऱ्या त्यांनी मात्र हक्कानं मागून घेतल्या.

परतीची जीप लवकर भरली. गाडीत जागा मिळाली. मासा नाही, चिलापीसुद्धा नाही, दोन काठ्या आणि ओली बंडी घेऊन घरी आलो.

सोमवारी सकाळी फोन वाजला.

"काय मास्तर?"

"काल गेलो होतो. कटला लागला. रेघेच्या वीतभर पुढे."

"कुणाच्या गळाला?"

"तुझ्या."

तो म्हणाला, "सोडला?"

"सोडला."

"बरं केलंस."

"नाव काढल्याचं कळलं मला."

"काठ उतरवत नाही रे आता. तुला सांगायला तोंड उघडेना." मग त्यानं विचारलं, "रोहित आलेत?"

"आलेत."

त्यानंतर आम्ही दोघंही बोललो नाही, पण फोनही ठेवला नाही. त्याच्याकडे कुकरची शिट्टी झाली, माझ्याकडे भंगारवाला ओरडत गेला. वीस वर्षं बसायचो तसेच बसलो. कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. शेवटी त्याची नात फोन घेऊन पळाली.

एरवी इथं मी खर्चाचा हिशोब आणि काय न्यावं याची यादी देतो. या वेळी सांगायचं ते एवढंच. उजनीच्या परवान्यावर दुसरी ओळ रिकामी आहे. महिना संपायला नऊ दिवस उरलेत. सोलापुरातलं कुणी रविवारी मोकळं असेल तर खाली लिहा. गळ टाकता आला नाही तरी हरकत नाही, मी शिकवीन. काठी माझ्याकडे आहे, भाकऱ्या मी दोघांच्या आणतो.

बोलका माणूस असला तरी चालेल.