टाकीत राहिलेल्या फळ्या

एडवणच्या अलीकडे समुद्रालगत एक गाव आहे. तिथले म्हातारे अजून सांगतात की, नव्या टाकीचं पाणी मांगेलआळीतल्या मासेवाल्या बायकांनी नासवलं. ते खरं नाही. पाणी मी नासवलं. त्या कामावर मी ओव्हरसियर होतो.

तारापूरला मोठं बांधकाम सुरू झालं, त्या सुमाराची ही गोष्ट. गावची टाकी जुनी, निम्मी जमिनीत पुरलेली. भिंती दगडी आणि वर वाशांवर टाकलेले पत्रे. खाऱ्या वाऱ्याने पत्रे कुजून गंज पाण्यात गळायला लागला, म्हणून छप्पर उतरवून सिमेंटचा स्लॅब टाकायचं ठरलं. स्लॅब ओला असताना तो तोलायला टाकीच्या आत बांबूचे टेकू आणि त्यांवर आंब्याच्या फळ्या ठोकून केलेली मोठाली ताटं लावली. स्लॅब पक्का झाला की हे सगळं वरच्या झाकणाच्या भोकातून बाहेर काढायचं असतं. मी ते भोक जेमतेम माणूस उतरेल एवढंच ठेवलं होतं. बांबू निघाले, ताटं निघेनात. आत उतरून ती मोडायला सुतार हवे होते आणि सुतार सगळे तारापूरला. इकडे उद्घाटनाला पाहुणे बोलावलेले. मी फळ्या तळाशी रचायला लावल्या, तरंगू नयेत म्हणून वर दगड ठेवले आणि पाणी सोडलं. पुढे सवडीने काढू, असं गवंड्याला म्हणालो.

मी ज्यांच्याकडे राहत आणि जेवत होतो त्या मावशी मांगेलआळीतल्या. एरवी त्या किनाऱ्यावर जवळा वाळवायच्या. ती बारीक कोळंबी रेतीत वाळली की रेती काही सुटत नाही. त्यांनी विचारलं, टाकीवर पसरला तर चालेल का? मी हो म्हणालो. मग सगळी आळीच तिथे जवळा वाळवायला लागली.

काही आठवड्यांत पाण्याला कुजका वास यायला लागला. गाव टाकीपाशी जमलं. कुणीतरी म्हणालं, आता आमटीत सुकट टाकायला नको, नळातूनच येते. लोक हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे वळल्या.

"साहेब, टाकी तुमीच बांदलीय. वर जवळा सुकवला तर सिमीटातून खाली वास उतरंल काय? सांगा यांना."

"झिरपत असेल थोडं," मी म्हणालो.

तेवढं पुरलं. टाकीवर वाळवण बंद झालं आणि मांगेलआळीने या नळावर यायचं नाही असं ठरलं. बायका खाडीकडच्या मचूळ विहिरीवर जायला लागल्या.

नंतर माकुणसारहून एक सुतार मिळाला. साफसफाईच्या नावाखाली मी टाकी रिकामी केली. बुळबुळीत झालेल्या फळ्या तुकडे करून काढल्या आणि लांब नेऊन जाळल्या. पाणी स्वच्छ झालं. वाळवण बंद केलं तसा वास गेला, असं गाव म्हणालं. माझं खोटं मीच खरं करून दाखवलं होतं. तेव्हा तरी बोलता आलं असतं. पण नोकरी नवी होती आणि लग्न ठरलेलं होतं. ही कारणं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत राहिलो.

बंदी उठली नाही. मी मात्र मावशींकडेच जेवत होतो. भात विहिरीच्या पाण्यातला, किंचित खारट. त्या वाढायच्या. मी जेवायचो.

बदली होऊन पालघरला निघालो, तेव्हा त्यांनी कागदात बांधून जवळा दिला.

"रेतीतला हाय," त्या म्हणाल्या. "चांगला धुवून घ्या."

लग्नानंतर बायकोने तो पाणी बदलून बदलून धुतला, तरी दाताखाली रेती आलीच. असला जवळा कुठून आणलात, असं तिने विचारलं.

बाजारातून, मी म्हणालो.