सहा वावरं, तीन रात्री

सारजाबाईची पन्नास वर्षं मेंढ्यांमागं गेली. लेक नाथा जन्मला तोही कुणाच्या तरी बांधावर. संध्याकाळी कळप जाळीच्या कुंपणात शिरताना ती दर मेंढीमागं एक खडा पिशवीत टाकायची आणि सकाळी त्याच खड्यांवर मेंढ्या पडताळून घ्यायची. अंधाराचं भय तिला कधी वाटलं नव्हतं. पण त्या सकाळी तलवाड्याच्या शिवारात, कालव्याकडेच्या उसात त्यांच्या कुत्र्याचा पट्टा सापडला. त्यावर रक्त वाळलं होतं. त्या दिवशी ती उसाकडं पाठ करून बसली नाही.

वनरक्षक येऊन सांगून गेला : बिबट्याच आहे. कालव्यालगत सहा वावरं. रोज रात्री तो त्यातल्या एका वावरात उतरतो. आज कुठं उतरेल, सांगता येत नाही.

त्या सहांतलं एक वावर राधाकिशन पाटलांचं. तिथं तीन रात्री मेंढ्या बसवायच्या, म्हणजे रानाला लेंडीखत मिळेल, असा शब्द नाथानं दिला होता. आणि पालात सून मोहिनीची दोन महिन्यांची पोर होती.

"सहांतलं एकच वावर आपलं," नाथा हसून म्हणाला. "कावून भेतीस, माय?"

"पण रात्री तीन हायत," मोहिनी म्हणाली. ती बारावी शिकलेली. तिनं पेटीतून लुडोचा फासा काढला. "आत्याबाई, सहाचा आकडा म्हंजी आपलं वावर. फासा तीनदा टाकायचा, तीन रात्रींचा. एकदा जरी सहा पडला तर काळा खडा ठेवायचा, न्हाईतर पांढरा. असं चाळीस खेपा करू."

सारजाबाईनं पिशवी उपडी केली. मोहिनी फासा टाकत राहिली, ती खडे ठेवत राहिली. शेवटी मोजले. काळे सतरा.

"चाळिसात सतरा!" सारजाबाई म्हणाली. बाभळीला टांगलेल्या नातीच्या झोळीकडं तिनं पाहिलं, मग पुन्हा खड्यांकडं. "आन् ह्ये बी कमीच हाय, मोहिने. तुझ्या फाशाला सहा वावरं सारखीच. त्याला मेंढीचा वास कुठं येतोय? बिबट्याला येतो. बाकीच्या वावरात काय हाय, नुसता ऊस!"

मोहिनीनं फासा पुन्हा उचलला. "मग पाच आन् सहा, दोन्ही आपलेच धरू? का तीन आकडे धरू?"

"दोनच धर. तीन मला सोसायचे न्हाईत."

पुन्हा चाळीस खेपा झाल्या. काळे अठ्ठावीस. नाथाचं हसणं केव्हाच थांबलं होतं.

सारजाबाई फासा मुठीत घेऊन तडक पाटलांच्या ओसरीवर गेली. त्यांच्या ट्रॅक्टरची शेड दगडी भिंतींची होती. मेंढ्या आणि पोर आत घ्यायला तेवढी तीन रात्री द्या, म्हणाली, आणि कसं मोजलं तेही सांगितलं.

पाटील खो खो हसले. "बिबट्या लुडो खेळतो व्हय, सारजाबाई? अन् खत काय माझ्या शेडीत पाडता?"

तिनं फासा त्यांच्यापुढं ठेवला. "मालक, माझ्या नातीच्या झोळीत तुमचा नातू निजलाय समजा. पाच न्हाईतर सहा पडला की त्यो आला. टाका तीनदा."

पाटलांनी फासा उचलला. अंगणात त्यांचा नातू रविराज भुईमुगाच्या शेंगा फोडत बसला होता. पाटलांनी फासा मुठीत खुळखुळवला, एकदा, दोनदा. मग तो तसाच तिच्या हातावर ठेवला.

"सटवा," त्यांनी गड्याला हाक मारली, "ट्रॅक्टर बाहेर काढ."

तिन्ही रात्री मेंढ्या आणि झोळी शेडीत होती, तरी सारजाबाईचा डोळा लागला नाही. चौथ्या सकाळी नाथा वावरभर फिरून आला. कुठंच बिबट्याचा माग नव्हता.

"बघ, उगाच भेलीस. आलाच न्हाई त्यो."

"बारा पांढरे बी होतेच की," ती म्हणाली. "त्यातला एक निघाला."

 तिनं पिशवीतले खडे काढून मेंढ्या पडताळल्या. सगळ्या भरल्या. तरी पालाशी जाऊन तिनं झोळीत हात घालून पाहिलं.