आंधळ्या एन्झाइमचे डोळे

दिनांक १२ फेब्रुवारी २०२४ रोजी पेणच्या महिपत मूर्तिकारांनी रुपये दोन हजार तीनशे पन्नास फक्त घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदाच देव नसलेल्या वस्तूची ऑर्डर स्वीकारली. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करण्यात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. त्यांच्या कारखान्यातून काहीही बिनडोळ्यांचं बाहेर पडलेलं नव्हतं.

ऑर्डर गल्लीतल्या प्रणालीची: ती अभ्यासत असलेल्या एका एन्झाइमची मातीची प्रतिकृती. ती मुंबईत संशोधन करत होती. अलिबागच्या विज्ञान प्रदर्शनात तिचा विषय परीक्षकांना पटला नाही, तर शिष्यवृत्ती बंद आणि संशोधन अर्ध्यावर.

"काका, पेशीत प्रथिनं बनवणारं यंत्र असतं, रायबोसोम. ते जुळवताना एका भागाची जागा दुसरंच प्रथिन धरून बसतं."

"एस्टीत रुमाल टाकतात तसं?"

"अगदी! माझं हे एन्झाइम तो रुमाल ओढून काढतं, मग खरा पॅसेंजर बसतो. त्यासाठी इंधनही जाळतं. आकार कड्याचा. सहा सारखे तुकडे, दोन थर, मध्ये भोक. रुमालाचं टोक त्या भोकातून ओढलं जातं."

महिपतरावांनी मान डोलावली आणि मातीला हात घातला. बटाट्यासारखा रायबोसोम झाला, त्यावर कडं बसलं, भोकात रुमाल म्हणून सुतळी ओवली. त्यांच्या पत्नी कमळाबाई म्हणाल्या, "एवढं शिकून पोरीनं बटाट्यावर मेदुवडा ठेवायला सांगितला व्हय?"

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी प्रणाली रिक्षा घेऊन आली आणि दारातच थबकली. कड्याच्या सहाही तुकड्यांवरून टपोरे, पाणीदार डोळे तिच्याकडे बघत होते.

"काका, हे काय केलंत! एन्झाइमला डोळे नसतात!"

"मग रुमाल कुठं हाय, ते त्याला दिसतं कसं?"

"दिसत नाही. टोक हाताला लागतं. चाचपून कळतं त्याला."

"म्हंजे आंधळं हाय?" महिपतराव कळवळले. "मग तर डोळे पायजेतच!"

"परीक्षक हसतील हो! पुसून टाका."

"डोळे पुसायचे? ह्या कारखान्यात? न्हाय जमणार."

प्रणाली रडायच्या बेताला आली. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. कमळाबाईंनी नवऱ्याच्या हातात ब्रश कोंबला. "पुसू नका. मिटा. पोरीचं नुसकान होतंय."

मिटलेला डोळा महिपतरावांनी कधी काढलाच नव्हता. श्वास रोखून त्यांनी एकेक पापणी खाली ओढली. कडं सहा तोंडांनी झोपी गेलं.

अलिबागला परीक्षकबाई त्या पापण्यांपाशीच थांबल्या. "हे झोपलंय का?"

"नाही मॅडम. न बघता, नुसतं चाचपून काम करतं," प्रणाली म्हणाली. बाईंनी डोळे मिटले, भोकात बोट घातलं आणि आतला सुतळीचा रुमाल सरळ ओढून काढला. मग हसत हसत पुढचा अर्धा तास प्रश्न विचारत राहिल्या. शिष्यवृत्ती चालू राहिली.

पापण्यांची आखणी जोडीला पंधरा रुपये. सहा जोड्यांचे नव्वद रुपये प्रणालीकडून येणे बाकी आहे.